इजेरियाचा प्रवास भिंतीवर मांडायचा आहे: रेषा कुठून काढावी, कुठे थांबवावी?

वांद्रे_वाचनकट्टा

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात वांद्र्याला आमच्या मराठी वाचनगटाचा दोन तासांचा कार्यक्रम ठरला आहे. विषय इजेरिया. चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपातून निघून सीनाय, यरुशलेम, एडेसा (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा), कॉन्स्टँटिनोपल अशी फिरलेली आणि ते सगळं लॅटिनमध्ये आपल्या मैत्रिणींना कळवणारी बाई. श्रोते दोन तऱ्हेचे असतील. एक, वसई-उत्तन-वांद्र्याचे मराठी कॅथलिक, ज्यांना बायबलमधली स्थळं तोंडपाठ आहेत. दुसरे मराठी साहित्यवाले, ज्यांना महानुभावांची स्थानपोथी आणि पंडिता रमाबाईंचं प्रवासवृत्त माहीत आहे, पण हारान नकाशात दाखवा म्हटलं तर अडतील.

सोबत भिंतीवर एक मोठा नकाशा लावायचा आहे, फ्लेक्सवर छापून. इंग्रजी भाषांतरं वाचून झाली आहेत, तरी काही गोष्टी सुटत नाहीत. मार्गाची रेषा स्पेनपासून काढायची का? ३८१ ते ३८४ हे साल बेधडक छापता येईल का, आणि ते कशावरून ठरलं हे पाच मिनिटांत कसं सांगायचं? अंतरं तिनं मुक्कामांत दिली आहेत, त्यांचे किलोमीटर कसे करायचे? एवढ्या प्रवासाला पैसा आणि संरक्षण कुठून आलं, हे श्रोते विचारणारच. यरुशलेमच्या उपासनेचा भाग जवळजवळ अर्धा मजकूर व्यापतो, त्यातलं काय घ्यावं? आणि हेलेना, पाउला, मेलानिया यांनाही त्याच नकाशावर आणावं का? 'आद्य ख्रिस्ती यात्रेकरू स्त्रिया' असा एकच फलक करू, असा गटात काहींचा आग्रह आहे.

पोथीशोधक

एकच फलक करू नका. त्याचं कारण शेवटी सांगतो, कारण ते आधी मजकूर कसा आपल्या हाती आला यावर अवलंबून आहे.

१८८४ साली इटलीतल्या आरेत्सो गावी जान फ्रांचेस्को गामुर्रिनी यांना एक हस्तलिखित सापडलं. अकराव्या शतकात मोंते कासिनोच्या मठात झालेली ही नक्कल. त्याच बांधणीत पुआतियेचे बिशप हिलरी यांचं लेखन आहे आणि त्यामागे हा प्रवास. सुरुवातीची पानं नाहीत, शेवटची नाहीत, मधलीही काही गळली आहेत. जे उरलं ते सीनायसमोरच्या रुंद खोऱ्यात सुरू होतं आणि यरुशलेमच्या मंदिर-अर्पणाच्या सणाचं वर्णन चालू असताना तुटतं. लेखिकेचं नाव उरलेल्या मजकुरात कुठेच नाही.

नाव आलं ते दुसऱ्याच वाटेनं. गामुर्रिनींना ही आक्विटेनची सिल्व्हिया वाटली. १९०३ साली मारियुस फेरोतँ यांनी दाखवलं की सातव्या शतकातल्या व्हालेरियस नावाच्या स्पॅनिश साधूनं बिएर्सोच्या मठवासीयांना लिहिलेल्या पत्रात अगदी अशाच प्रवासाचं कौतुक आहे, आणि तिथे त्या बाईचं नाव दिलं आहे. मात्र त्या पत्राच्या वेगवेगळ्या प्रतींत ते नाव वेगवेगळं लिहिलंय: इजेरिया, एथेरिया, युकेरिया. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना 'सिल्व्हिया' आणि 'एथेरिया' या नावांनीही शोधा. एकोणिसाव्या शतकातली भाषांतरं सिल्व्हियाच्याच नावावर आहेत, ती इजेरिया म्हणून सापडणार नाहीत.

आता रेषेचं. घरापासून यरुशलेमपर्यंत ती कशी आली, हे तिच्या शब्दांत आपल्याकडे नाही. यरुशलेमहून सीनायला कशी गेली, तेही नाही. ही पोकळी पुष्कळ लोक पीटर द डीकनच्या आधारे भरतात. हा मोंते कासिनोचाच ग्रंथपाल. त्यानं ११३७ च्या सुमारास पवित्र स्थळांवर एक संकलन केलं आणि त्यात इजेरियाची तेव्हा शाबूत असलेली पानं वापरली. पण त्यानं आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज साधूचं लेखनही वापरलंय, आणि कोणतं वाक्य कुणाचं हे तो सांगत नाही. म्हणून नकाशावर तीन रेषा ठेवा. उरलेल्या मजकुरात आहे तेवढीच सलग रेषा. पीटरवरून घेतलेली तुटक. आणि नुसता तर्क आहे तिथे विरळ ठिपके. स्पेनपासून रेषा नकोच. नकाशाच्या पश्चिम कडेला बाहेरून आत येणारा एक बाण ठेवा, पुरे.

आणखी एक चूक हमखास होते. मजकुरात उपासनेचा भाग सर्वांत शेवटी येतो म्हणून लोक नकाशावर 'यरुशलेम' हा शेवटचा मुक्काम करून टाकतात. खरं तर ते वर्णन तीन वर्षांच्या वास्तव्यातलं आहे. सीनाय, नबो डोंगर, कर्नेया गाव या फेऱ्या यरुशलेमहून निघून यरुशलेमलाच परत येणाऱ्या आहेत. मग मेसोपोटेमिया, तिथून अंतियोखिया, तार्सस, आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपल. तिथे बसून ती लिहिते की अजून इफिसला संत योहानाच्या समाधीला जायचं आहे. पुढे गेली की नाही, याचा पुरावा नाही.

मैलाचा_दगड

मोजमापाचं मी सांगतो. मुक्काम म्हणजे रोमन हमरस्त्यावरचा रात्रीचा थांबा. सगळे पुस्तकी हिशेबानं २५ रोमन मैल धरतात आणि ३७ किलोमीटरनं गुणून मोकळे होतात. रोमन मैल १.४८ किलोमीटरचा, तेवढं बरोबर. पण मुक्काम हे ठरलेलं माप नव्हतं, आणि हे तिच्याच आकड्यांवरून सिद्ध होतं.

यरुशलेम ते एडेसा ती २५ मुक्काम सांगते. अंतियोखियामार्गे हे अंतर सरळ रेषांनी मोजलं तरी साडेसातशे किलोमीटर भरतं. रस्त्याची वळणं धरली की दिवसाला ३५ च्या आसपास येतात. ठीक. पण यरुशलेम ते कर्नेया, म्हणजे ईयोबाची समाधी, आजच्या सीरियातलं शेख साद, हे ती ८ मुक्काम सांगते. सरळ रेषेत ते सुमारे १४० किलोमीटर आहे. यार्देनचं खोरं उतरून पुन्हा पठारावर चढायचं, तरी दिवसाला वीस-बावीसच पडतात. सपाट हमरस्ता आणि डोंगरी वाट यांतला हा फरक आहे. पडताळ्यासाठी फ्रान्समधल्या बोर्दोहून यरुशलेमला गेलेला निनावी यात्रेकरू घ्या. ३३३ साली त्यानं बोर्दो ते कॉन्स्टँटिनोपल २,२२१ मैल, ११२ मुक्काम आणि २३० घोडेबदल अशी बेरीज दिली आहे. भागाकार केला की मुक्कामाला २० मैलही पुरते भरत नाहीत, म्हणजे २९ किलोमीटर.

तेव्हा फलकावर किलोमीटर छापू नका. 'यरुशलेम–एडेसा: २५ मुक्काम' असंच छापा आणि कोपऱ्यात एक टीप द्या: एक मुक्काम २० ते ३७ किलोमीटर, वाटेप्रमाणे.

फ्लेक्सचं माप: सीनाय ते कॉन्स्टँटिनोपल ही दक्षिणोत्तर पट्टी जवळपास १,४०० किलोमीटर, एडेसापर्यंतची रुंदी साडेनऊशे. एका सेंटिमीटरला १० किलोमीटर धरले तर १४० बाय ९५ सेंटिमीटर होतं. पाच फूट उंच आणि चार फूट रुंद फ्लेक्स घ्या, समासाला आणि टिपांना जागा उरते. आडवा फ्लेक्स घेतलात तर अर्धा भूमध्य समुद्र रिकामा दिसेल. या प्रमाणात यरुशलेम आणि बेथलेहेम एकमेकांना चिकटतात, म्हणून यरुशलेमचा वेगळा चौकोन करा. पुनरुत्थान मंदिर ते जैतून डोंगरावरचं एलिओना मंदिर हे सरळ दीड किलोमीटर. १:५,००० प्रमाणात ते ३० सेंटिमीटर येतं आणि मिरवणुकांच्या वाटा नीट दाखवता येतात.

त्या चौकोनात आजच्या पवित्र कबर मंदिराचा आराखडा मात्र चिकटवू नका. आजची इमारत मुख्यतः क्रुसेडरांच्या काळची, ११४९ ची. इजेरियानं पाहिलेला ३३५ साली अर्पण झालेला कॉन्स्टंटाईनचा परिसर ६१४ च्या आगीत आणि १००९ च्या पाडापाडीत गेला. तिच्या काळी पूर्वेकडून आत शिरलं की आधी मार्टिरियम ही लांबट मोठी बासिलिका, मग उघडा चौक, त्याच्या कोपऱ्यात गोल्गोथाचा खडक, आणि पश्चिमेला कबरीभोवतीचं गोल अनास्तासिस, म्हणजे पुनरुत्थान मंदिर. ती 'क्रुसापुढे', 'क्रुसामागे', 'अनास्तासिसमध्ये' असं सारखं लिहीत जाते. हा आराखडा समोर नसेल तर ऐकणाऱ्याला काही उमगत नाही.

पॅपिरस_व_पंचांग

सालाचा हिशेब पाच मिनिटांत असा सांगता येईल.

हारानला तिनं बिशपांना विचारलं, अब्राहामाचं ऊर गाव कुठे? ते म्हणाले, इथून निसिबिस पाच मुक्काम, तिथून ऊर आणखी पाच, पण तो सगळा मुलूख आता पर्शियनांकडे आहे, रोमनांना तिकडे जाता येत नाही. निसिबिस सम्राट जोव्हियननं ३६३ च्या तहात पर्शियनांना सोडलं. म्हणजे प्रवास ३६३ नंतरचा. दुसरी मर्यादा ५४०. त्या साली पर्शियनांनी अंतियोखिया उद्ध्वस्त केलं, आणि तिच्या मजकुरात ते नांदतं शहर आहे. हा झाला पावणेदोनशे वर्षांचा पट्टा.

१९६७ साली पॉल देव्होस यांनी तो आवळला. बातानिस, एडेसा आणि हारान या तिन्ही ठिकाणच्या बिशपांना इजेरिया 'विश्वासासाठी छळ सोसलेले' म्हणते. सम्राट व्हालेन्स एरियस पंथाचा, म्हणजे येशूला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्यांपैकी होता, त्यानं एडेसातल्या विरोधी धर्मगुरूंना हद्दपार केलं. एडेसाचे बिशप बार्सेस हद्दपारीतच वारले, परतले नाहीत. त्यांचे दोन धर्मगुरू, युलोगियस आणि प्रोटोजेनिस, इजिप्तमध्ये अंतिनोए इथे धाडले गेले होते. ३७८ मध्ये व्हालेन्स युद्धात मेला, हे दोघे परत आले, आणि युलोगियस एडेसाचे, प्रोटोजेनिस हारानचे बिशप झाले. युलोगियस ३७९ ते ३८७ पदावर होते. म्हणजे इजेरिया एडेसाला पोचली ती या आठ वर्षांत. हारानला ती संत हेल्पिडियसच्या सणाच्या आदल्या दिवशी पोचली, सण २३ एप्रिलचा. ईस्टरशी आणि प्रवासाच्या दिवसांशी मेळ घालून देव्होस ३८४ वर आले. यरुशलेमला येऊन तीन वर्षं पुरी झाली असं ती स्वतः लिहिते, म्हणून आगमन ३८१. फलकावर '३८१–३८४, बहुतेक अभ्यासकांना मान्य' असं छापा.

एडेसाचा भाग वसईच्या मंडळींसाठी जरा सावकाश वाचा, कारण तिथे संत थॉमस आहेत. त्यांचा देह तिथे अखंड आहे असं ती लिहिते. एडेसाच्या इतिवृत्तानुसार २२ ऑगस्ट ३९४ रोजी थॉमसची पेटी मोठ्या मंदिरात नेली, म्हणजे तिनं पाहिलं ते त्याआधीचं. भारताचा उल्लेख ती करत नाही. तो तिच्या तोंडी घालू नका, वेगळं सांगा. तिथेच बिशपांनी तिला एडेसाचा राजा अबगार आणि येशू यांच्या पत्रव्यवहाराच्या नकला दिल्या, आणि ती मैत्रिणींना कळवते की आपल्याकडे घरी जी प्रत आहे तिच्यापेक्षा ही मोठी दिसते. दूर पश्चिमेत बायकांच्या मंडळीत अशा पत्रांच्या प्रती होत्या आणि त्या ताडून पाहिल्या जात होत्या, हे या एका ओळीतून कळतं. ही ओळ वगळू नका.

घराबद्दल पोथीशोधकांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. फरात नदी ओलांडताना ती म्हणते, ऱ्होन नदीसारखी, पण त्याहून मोठी, आणि मोठ्या नावांतून उतरायला अर्ध्या दिवसाहून अधिक लागला. त्यावरून काही अभ्यासक तिला दक्षिण गॉलची मानतात. व्हालेरियसचं पत्र तिला पश्चिम महासागराच्या किनाऱ्यावरची म्हणतं, म्हणून इतर गॅलिसियाकडे झुकतात. ऱ्होनचा उल्लेख एवढंच सांगतो की ती नदी तिनं पाहिली होती आणि वाचणाऱ्यांनाही ठाऊक होती. स्पेनहून जमिनीवरून येताना ती लागतेच.

वांद्रे_वाचनकट्टा

फ्लेक्सचं माप आणि तीन रेषा पक्क्या. पैसा आणि संरक्षणाचं कुणी सांगेल का? 'एकटी बाई' हे शब्द फलकावर घालावेत असा आमचा विचार होता.

मैलाचा_दगड

'एकटी' काढा. ती सतत 'आम्ही' लिहिते. सोबत माणसं आहेत, जनावरं आहेत, जागोजाग मठवासी, धर्मगुरू, बिशप वाट दाखवायला येतात. क्लिस्मा, म्हणजे सुएझजवळून, 'अरबस्तान' नावाच्या गावापर्यंत चार मुक्काम वाळवंट आहे. तिथे प्रत्येक थांब्यावर शिबंदी होती, आणि सैनिक त्यांना एका गढीपासून दुसरीपर्यंत पोचवत होते. पुढे इजिप्तचा सरकारी हमरस्ता लागला तेव्हा तिनं सैनिकांना परत पाठवलं, कारण आता त्यांची गरज नव्हती. सरकारी डाकव्यवस्थेचा परवाना तिच्याकडे होता का, यावर वाद आहे, मजकुरात परवान्याचं नाव नाही. पण शिबंदी सोबत मिळणं आणि बिशपांनी स्वतः फिरवून दाखवणं, यावरून ती पैशानं आणि ओळखीनं भक्कम होती हे उघड आहे. खर्चाचा आकडा ती कुठेच देत नाही, तुम्हीही देऊ नका.

वाहनाचं ती नेमकं सांगते. नबो डोंगर बराचसा गाढवावर बसून चढता येतो, थोडा भाग उभा आहे, तिथे पायीच. सीनायला तर खोगीर चालतच नाही. शंखासारखं वळत वळत जायचं नाही, भिंतीवर चढावं तसं सरळ वर. रविवारी पहाटे निघून चौथ्या घटिकेला, म्हणजे चौथ्या रोमन तासाला, ती शिखरावर होती. रोमन तास सूर्योदयापासून मोजतात आणि हिवाळ्यात ते आखूड असतात, म्हणजे आपल्या घड्याळात दहाच्या आसपास. शिखरावरून इजिप्त, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रियाकडचा समुद्रही दिसला असं ती लिहिते. जबल मुसा २,२८५ मीटर उंच आहे, तिथून भूमध्य समुद्र दिसत नाही. मठवासीयांनी बोट करून दिशा दाखवली, ती तिनं दृश्य म्हणून नोंदवली, असंच मानावं लागतं.

इसौरियात संत थेक्लाच्या समाधीभोवती मोठा कोट आहे, कारण तिथले लोक वाटमारी करतात, हेही ती लिहिते. तार्ससहून हे ठिकाण तिसरा मुक्काम. तिथे तिला मार्थाना भेटली, स्त्रियांच्या मठांची प्रमुख, दीकन हे चर्चमधलं सेवापद असलेली. दोघींची आधीची ओळख यरुशलेमची, मार्थाना तिथे यात्रेला आली होती तेव्हाची. पूर्ण मजकुरात इजेरिया नावानं ओळखीची म्हणून सांगते अशी ही एकटी व्यक्ती. दहा मिनिटं तरी या भागाला द्या. स्त्रियांचं आपापसात जाळं होतं, आणि त्या एकमेकींना वाटेवर भेटत होत्या, हे इथे दिसतं.

त्याच दशकात निसाचे बिशप ग्रेगरी यरुशलेमला गेले आणि पुढे एका पत्रात यात्रेविरुद्ध लिहिलं. त्यांचा एक आक्षेप असा की बाईला घोड्यावर चढवायला-उतरवायला पुरुष लागतो आणि वाटेवरच्या सराया धड नसतात. ते आणि इजेरिया शेजारी ठेवून वाचा. सराईचं एकही गाऱ्हाणं ती करत नाही, कारण मजकुरात दिसतो तो तिचा निवारा बहुतेक मठांचा.

पालखाडीचा_वाचक

उपासनेचा भाग मराठी कॅथलिकांना सर्वांत जवळचा आहे, तो संपूर्ण वाचायचा मोह टाळा. रोजच्या प्रार्थनांचं वेळापत्रक मोठ्यानं वाचलं की सभागृह पाचव्या मिनिटाला सुस्तावतं. ते कोपऱ्यात तक्ता करून छापा: कोंबडा आरवण्याआधी दारं उघडतात, मग सहावी घटिका, नववी, आणि दहाव्या घटिकेला दीपवेळ. त्या वेळी दिवे बाहेरून आणत नाहीत, कबरीच्या गुहेत अखंड जळणाऱ्या दिव्यावरून लावतात.

वाचायचं ते पवित्र सप्ताहातलं, आणि त्यातही तीन तुकडे.

झावळ्यांचा रविवार. अकराव्या घटिकेला जैतून डोंगरावर शुभवर्तमान वाचतात, मग सगळे पायी खाली उतरतात. चालता न येणारी मुलं आईबापांच्या खांद्यावर, हातात खजुराच्या किंवा जैतुनाच्या फांद्या. लोकांना दमायला होऊ नये म्हणून फार हळू चालतात, हेही ती टिपते.

आज्ञा गुरुवारची रात्र. डोंगरावर जागरण, पहाटे गेथसेमाने, मग शहराकडे. लोकांना उजेड म्हणून मंदिराच्या दोनशेहून अधिक मेणबत्त्या तयार असतात.

उत्तम शुक्रवार. गोल्गोथाला क्रुसामागे बिशपांचं आसन, पुढे कापड घातलेलं मेज. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या पेटीतून क्रुसाचं लाकूड आणि त्यावरची नावाची पाटी काढून मेजावर ठेवतात. बिशप बसूनच लाकडाची दोन्ही टोकं हातांनी घट्ट धरतात, भोवती दीकन पहारा देतात. दुसऱ्या घटिकेपासून सहाव्यापर्यंत, म्हणजे सकाळी आठच्या सुमारापासून दुपारपर्यंत, लोक एकेक करून येतात, वाकतात, आधी कपाळ टेकवतात, मग डोळे, मग चुंबन घेतात. हात कुणी लावत नाही. कारण कधीतरी कुणीतरी दात रोवून लाकडाचा तुकडा तोडून नेला होता, तेव्हापासून पहारा. एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. गर्दीचं नियोजन म्हणूनही हा उतारा अस्सल आहे, आणि सांगायला फक्त चार मिनिटं लागतात.

भाषेची सोय सांगायला विसरू नका. बिशपांना सीरियन भाषा येत असली तरी ते ग्रीकमध्येच बोलतात, एक धर्मगुरू सीरियनमध्ये सांगत जातो. लॅटिन लोकांना दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी समजावून देतात. बाप्तिस्मा घेणाऱ्या दीक्षार्थींची तयारी रोज तीन तास, सात आठवडे: पाच आठवडे पवित्र शास्त्र, मग श्रद्धासूत्र. एक खबरदारी घ्या, तिच्या यरुशलेममध्ये उपवासाचे आठवडे आठ आहेत. शनिवार-रविवार उपवास नसतो, म्हणून आठ पंचे चाळीस, शिवाय ईस्टरच्या आदल्या शनिवारचा एक, असे ती एकूण ४१ दिवस मोजते. आजच्या आपल्या प्रायश्चित्तकाळाशी हे जुळत नाही. कुणीतरी सभागृहात उठून विचारणार, उत्तर तयार ठेवा.

मजकूर जिथे तुटतो तो सप्टेंबरमधला आठ दिवसांचा सण. लांबलांबचे मठवासी, स्त्रीपुरुष, बिशप येतात, शहर भरून जातं. माउंट मेरीची आठवडाभराची जत्रा पाहिलेल्या वांद्रेकरांना ते वेगळं समजावावं लागणार नाही.

पोथीशोधक

आता एकच फलक का नको ते.

हेलेना ३२६ नंतर पूर्वेकडे गेली ती सम्राटाची आई म्हणून, आणि तिच्याबद्दल आपण वाचतो ते चर्चचा इतिहासकार युसेबियस याचं लेखन. पाउला ३८५ मध्ये रोमहून निघाली आणि पुढे बेथलेहेमलाच राहिली. ती ४०४ मध्ये गेली, त्यानंतर जेरोमनं तिच्या मुलीला, युस्टोकियमला, लिहिलेल्या शोकपत्रात तिचा प्रवास येतो. धाकट्या मेलानियाचं चरित्र गेरोन्टियसनं लिहिलं. या सगळ्या स्त्रिया खऱ्या, त्यांचे प्रवास खरे, पण बोलतो तो पुरुष, आणि प्रत्येकाचा काही हेतू आहे. पाउला क्रुसापुढे कोसळते, जणू प्रभूला तिथे टांगलेलं पाहतेय, हे जेरोम सांगतो. इजेरियाचा आवाज तिचा स्वतःचा आहे. एकाच फलकावर एकाच रंगात चौघी आल्या की हा फरक पुसला जातो, आणि तोच तुमच्या कार्यक्रमाचा गाभा आहे.

घोटाळा कसा होतो पाहा. क्रूस हेलेनाला सापडला ही कथा आपल्या हाती असलेल्या लेखनात प्रथम ३९५ साली मिलानचे बिशप अँब्रोस यांच्या भाषणात येते. इजेरिया मंदिराच्या बांधकामाच्या संदर्भात कॉन्स्टंटाईनच्या आईचा उल्लेख करते. क्रूस सापडल्याचा दिवस साजरा होतो, हेही सांगते. पण तो कुणाला सापडला, हे ती सांगत नाही. एकत्र फलकात ही कथा तिच्या खात्यावर जमा होणारच.

साहित्यवाल्यांसाठी स्थानपोथीचा धागा चांगला आहे, पण जपून वापरा. स्थानपोथीत श्रीचक्रधरांनी कुठे मुक्काम केला, कुठे लीळा घडली, हे गाव आणि दिशा सांगून नोंदवलेलं आहे. स्थळ आणि वचन यांची तशीच जोड इजेरियाकडे आहे. प्रत्येक ठिकाणी तिचा क्रम ठरलेला: आधी प्रार्थना, मग त्या जागेबद्दलचा बायबलमधला उतारा तिथेच वाचायचा, त्या जागेला साजेसं स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. फरक हा की स्थानपोथीत पाहणारा दिसत नाही, आणि इथे पाहणारी सतत समोर आहे. ती किती समोर आहे हे दाखवायला नबोचा उतारा घ्या. डोंगरावरून तिला बायबलमधली लोटाची बायको मिठाचा खांब झाली ती जागा दाखवतात. ती मैत्रिणींना लिहिते, विश्वास ठेवा, खांब दिसत नाही, नुसती जागा दाखवतात. आम्ही पाहिलं तेव्हा खांब कुठेच नव्हता, आणि याबाबत मी तुम्हाला फसवू शकत नाही. तिथल्या बिशपांनीही तिला सांगितलं की काही वर्षांपासून तो दिसेनासा झालाय. अबगारच्या पत्रावर आणि ईयोबाच्या समाधीवर विश्वास ठेवणारी ही बाई जे दिसलं नाही ते दिसलं असं लिहायला तयार नाही. हा उतारा कार्यक्रमाच्या पहिल्या दहा मिनिटांत वाचा, म्हणजे पुढचं सगळं लोक त्या नजरेनं ऐकतील.

तिला 'नन' छापू नका. मैत्रिणींना ती आदरानं 'भगिनी' म्हणते, पण ते संन्यस्त मंडळ होतं की घरी राहून धर्माचरण करणाऱ्या श्रीमंत स्त्रियांचं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. 'रोजनिशी' हाही शब्द नको, हे पत्र आहे.

वांद्रे_वाचनकट्टा

ठरलं. पाच बाय चारचा उभा फ्लेक्स फक्त इजेरियाचा, यरुशलेमच्या चौकोनासकट. पाउला, हेलेना, मेलानिया यांची वेगळी छोटी पट्टी, वर मथळा 'त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं'. क्रम: मिठाचा खांब, सीनाय, एडेसा-हारान, मार्थाना, मग उत्तम शुक्रवार. एकच शंका उरली. सलग रेषा अंतियोखियाहून एडेसाला नेताना फरात कुठे ओलांडू?

मैलाचा_दगड

हिएरापोलिसच्या पुढे. आजचं मन्बिज. तिथून पंधराव्या मैलाला नदी लागली असं ती लिहिते, म्हणजे तुमच्या प्रमाणात दोन सेंटिमीटरला थोडं वर. नदीपार तिनं नाव घेतलेलं पुढचं शहर बातानिस आणि मग एडेसा. हारान एडेसाच्या दक्षिणेला, पूर्वेकडची रेषा तिथे न्या आणि थांबवा. निसिबिस आणि ऊर ही नावं रेषेशिवाय छापा, बाजूला 'पाच मुक्काम, आणखी पाच, वाट बंद' एवढंच. आणि ऊर दाखवताना आजच्या दक्षिण इराकमधलं ऊर घेऊ नका. बिशपांनी सांगितलेलं निसिबिसच्या पलीकडे पाच मुक्कामांवर आहे, ते उत्तर मेसोपोटेमियातच पडतं.